धान्यांतील जस्त अंगीं कसें लागतें

जोंधळा, बाजरी, गहूं व कडधान्यें ह्यांत जस्त हा धातु अल्प प्रमाणांत असतो. शरीराच्या वाढीस त्याची नित्य गरज असते; प्रौढ पुरुषास रोज १७ मिलिग्रॅम मिळावें, अशी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२० सालची शिफारस आहे. परंतु धान्यांत जस्त आहे म्हणून तें सर्व अंगीं लागतेंच असें नाहीं. महसुलाच्या भाषेंत बोलावयाचें तर आकारणी पुरी, पण वसूल अपुरा.

ह्याचें कारण कोंड्यांत व अंकुरांत असणारें फायटेट नांवाचें द्रव्य होय. तें आंतड्यांत जस्ताशीं घट्ट संयोग पावून न विरघळणारा साका बनवितें, व तो मळावाटे निघून जातो. इराणांत शिराझ येथें डॉ. आनंद प्रसाद ह्यांनीं १९५८ सालीं २१ वर्षांचा एक तरुण तपासला. तो दहा वर्षांच्या मुलाएवढाच दिसे. न आंबविलेल्या गव्हाची रोटी हाच त्याचा मुख्य आहार, जोडीस माती खाण्याची संवय. पुढें १९६३ सालीं ईजिप्तमधील तशाच रोग्यांत जस्ताची उणीव असल्याचें दाखविण्यांत आलें.

येथें प्रथिनें उपयोगी पडतात. दूध, अंडीं, मासळी ह्यांतील प्रथिनें पचतांना त्यांचे लहान तुकडे होतात. त्यांस पेप्टाइड म्हणतात. दुधांतील केसीनच्या कांहीं तुकड्यांवर स्फुरदाचे अंश असतात, तर इतर कित्येकांत हिस्टिडीन किंवा सिस्टीन हीं अमिनो आम्लें असतात. हे अंश जस्तास धरून ठेवतात, पण सैल हातानें. त्यामुळें तें विरघळलेलेंच राहून लहान आंतड्याच्या अस्तरापर्यंत पोंचतें व तेथें शोषलें जातें.

तथापि दूध घातलें कीं काम झालें, असें समजूं नये. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील प्रयोगांत केसीनचीं पेप्टाइडें तांदळाच्या बालान्नांत मिसळलीं असतां जस्ताचें शोषण वाढलें. कोंड्यासह धान्याच्या बालान्नांत मात्र वाढलें नाहीं. बरें, कोंडाच काढून टाकावा, तर फायटेटाबरोबर जस्तही जातें.

तेव्हां आधीं फायटेट मोडावें. नाचणी भिजवून मोड आणले, किंवा पीठ आंबविलें, म्हणजे फायटेज नांवाचें द्रव्य तें तोडूं लागतें. चुलीच्या आंचेनें फायटेजचें काम थांबतें. म्हणून भिजविणें वा आंबविणें आधीं, शिजविणें नंतर. आंबील निवल्यावर तींत ताक घालण्याची आपली चाल ह्या दृष्टीनें योग्यच आहे, कारण ताकाबरोबर केसीन पोटांत जातें. वाढत्या मुलांस ती नुसती पाण्यांत कालवून देण्यापेक्षां ताक घालूनच द्यावी.