इंजिनाविना उड्डाण : उंचीचा हिशेब

दुपारच्या उन्हात घार पंख न हलवता घिरट्या घालीत वर चढते, हे तुम्ही पाहिलेच असेल. ग्लायडर हे बिनइंजिनाचे विमानही हेच करते. पुण्यातील हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रामुळे ते आपल्याकडे अनेकांच्या परिचयाचे झाले.

उड्डाणासाठी जमिनीवरील विंच यंत्र लांब दोर वेगाने गुंडाळते. त्याला बांधलेले ग्लायडर पतंगासारखे चढते आणि वर गेल्यावर दोर सोडून देते. आता वैमानिकाजवळ मुख्य भांडवल उंचीचे, म्हणजेच स्थितिज ऊर्जेचे. हवेच्या विरोधामुळे ती सतत खर्च होते.

समजा, दोर सुटताना उंची ३०० मीटर आहे आणि ग्लायडर १ मीटर खाली येताना ३० मीटर पुढे जाते. मग स्थिर हवेत ते ९ किलोमीटर जाईल. वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर धरला, तर ३६० सेकंदांत उड्डाण संपेल. सकाळी जमीन थंड असताना उड्डाणे अशीच पाच-सहा मिनिटांची होतात.

दुपारी चित्र पालटते. नांगरलेले कोरडे शेत ओल्या उसाच्या मळ्यापेक्षा अधिक तापते. त्यावरील हवा तापून विरळ होते व वर जाऊ लागते. ती सेकंदाला २ मीटर चढत असेल आणि तिच्यात घिरट्या घालणारे ग्लायडर तिच्या मानाने १ मीटर खाली येत असेल, तर जमिनीच्या मानाने ते १ मीटर वर जाईल. दहा मिनिटांत ६०० मीटर! म्हणजे ग्लायडर हवेतून खालीच घसरत असते. त्याला उचलते ती सूर्याने तापविलेली हवा.

आता परतीचा प्रश्न. मैदान ६ किलोमीटरवर, उंची ३०० मीटर आणि समोरून ताशी ३६ किलोमीटरचा वारा. ग्लायडर पोहोचेल का? वारा सेकंदाला १० मीटर मागे रेटतो. उरला वेग १५ मीटर. ३६० सेकंदांत अंतर ५.४ किलोमीटर. मैदान ६०० मीटर दूरच राहिले! इंजिन नसल्याने पुन्हा चढून दुसरा प्रयत्न करता येत नाही. म्हणून वैमानिक परतीपुरती उंची राखून ठेवतो. ती पुरणार नसेल, तर वेळीच मोकळे शेत निवडून उतरतो.

वहीत करून पाहा : हाच वारा पाठीमागून असता, तर ग्लायडर किती दूर गेले असते?

(उत्तर : १२.६ किलोमीटर)