रोम ‘पडलं’, मग कल्याणचा माल कोण घेत होतं?



‘रोमन साम्राज्याचा अंत केव्हा झाला?’ असं विचारलं की मुलं पटकन सांगतात, ‘इ.स. 476’. गुणही मिळतात. पण हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं शिकवायला आपण युरोपच्या नकाशाऐवजी वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यापासून सुरुवात करूया.

1. आधी वारा समजून घ्या

पावसाळ्यात कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की दर्या पुन्हा खुला. हे मुलांना माहीतच असतं. आता त्यांना सांगा, ज्या नैर्ऋत्य वाऱ्यामुळे आपल्या होड्या किनाऱ्यावर येतात, त्याच वाऱ्यावर इजिप्तची गलबतं आपल्याकडे यायची. जुलैच्या सुमारास ती निघायची आणि वाऱ्याचा जोर ओसरताना इथे पोचायची. डिसेंबर-जानेवारीत वारा उलटला की परत जायची.

जुलैच्या सुमारास निघण्याची ही वेळ पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात आहे. त्यात कल्याण, सोपारा, चौल ही आपली बंदरंही आहेत. आणखी एक गोष्ट तर वर्गात सांगायलाच हवी. भडोचजवळची खाडी धोक्याची होती, म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन पुढे जायचे आणि परदेशी गलबतांना वाट दाखवून आत आणायचे. म्हणजे या व्यापारात राजे आणि सावकारांइतकेच मच्छीमारही होते.

2. गिऱ्हाईक कोण होतं?

आपण सरसकट ‘रोमशी व्यापार’ म्हणतो, पण माल उतरायचा तो इजिप्तमध्ये. तिथून नाईल नदीने तो अलेक्झांड्रियाला जायचा. इथेच धड्याची किल्ली आहे.

इ.स. 330 मध्ये कॉन्स्टंटाईन बादशहाने बॉस्फरसच्या काठावर नवी राजधानी केली, ती कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल. 395 मध्ये थिओडोशियस वारला आणि राज्य दोन मुलांत वाटलं गेलं. इजिप्त, सीरिया, आशिया मायनर हे श्रीमंत प्रांत पूर्वेच्या वाट्याला आले. 476 मध्ये गादी गेली ती पश्चिमेच्या बादशहाची. पूर्वेचा बादशहा जागेवरच होता. इजिप्तचं धान्य राजधानीला जातच होतं.

3. पुरावा: कल्याणचं नाव

476 नंतर साधारण सत्तर वर्षांनी, जस्टिनियनच्या काळात, अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने एक ग्रंथ लिहिला. भारताच्या मोठ्या बाजारपेठांत तो ‘कल्लियाना’चं नाव घेतो. अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. तिथून तांबं, इमारती लाकूड आणि कापड जातं, असं तो सांगतो. तिथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचंही लिहितो.

इराणचा हा उल्लेख मुलांच्या नजरेतून सुटू देऊ नका. पहिल्या शतकासारखी इजिप्तची गलबतं आता थेट फारशी येत नव्हती. मधे इराणी आणि आफ्रिकेतल्या अक्सुमचे व्यापारी आले होते. व्यापाराची तऱ्हा बदलली, पण पूर्वेचा रोमन बाजार उभा होता.

श्रीलंकेतली एक गोष्टही कॉस्मस सांगतो. कोणाचा राजा मोठा, यावर एक रोमन आणि एक इराणी व्यापारी तिथल्या राजासमोर भांडत होते. रोमन म्हणाला, ‘दोघांची नाणी बघा.’ इराणी नाणं चांदीचं, रोमन नाणं चोख सोन्याचं. निकाल लागला! गोष्ट सांगणारा रोमन आहे, हे मात्र मुलांना आठवण करून द्या. पण हे सोन्याचं नाणं कॉन्स्टंटाईनने सुरू केलेलं, वजन सुमारे साडेचार ग्रॅम, आणि पुढे सातशे वर्षं त्याचा कस टिकला, हे खरंच आहे.

4. ‘बायझंटाईन’ हा शब्द

हे नाव पुढे युरोपातल्या अभ्यासकांनी रूढ केलं. तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवायचे, अगदी 1453 मध्ये तुर्कांनी राजधानी घेईपर्यंत. मुलांना दोन्ही नावं सांगा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

वर्गात करून पाहा

• अरबी समुद्राच्या नकाशावर अलेक्झांड्रिया, कल्याण, चौल, भडोच दाखवा. जाण्या-येण्याचे वारे वेगळ्या रंगांनी काढा.
• घरातल्या आजोबांना विचारून या: वारा उलटला हे कशावरून ओळखतात?
• चर्चा: 476 साली कल्याणच्या व्यापाऱ्याला ‘रोम पडलं’ असं सांगितलं असतं, तर तो काय म्हणाला असता?

पालकहो, परीक्षेत मूल ‘476’ लिहील, लिहू द्या. फक्त आधी दोन शब्द जोडायला शिकवा: ‘पश्चिम रोमन’. त्या दोन शब्दांत पुढच्या हजार वर्षांचा इतिहास वाचतो. आणि कोळीवाड्यातल्या मुलाला कळतं की इतिहास फक्त लांबच्या राजवाड्यांत घडत नाही, तो आपल्या दर्यावरूनही जातो.