शंका-समाधान: खगोलभौतिकीत पीएच.डी. करायची आहे

प्रश्न : मी एम.एस्सी. (भौतिकशास्त्र) पहिल्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात दुर्बीणसुद्धा नाही. पुण्याच्या आयुकात संशोधन करायचं आहे. खगोलशास्त्राची कोणती पुस्तकं पाठ करू? (विद्यार्थिनी, परभणी)

पाठ काहीच करू नका. आयुका आणि रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र एनसीआरए मिळून घेतात त्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे आयनॅटचा, भर भौतिकशास्त्र आणि गणिताच्या पायावर असतो. जेस्ट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेचंही तेच. खरी कसोटी मुलाखतीत लागते. समजा, फळ्यापाशी उभं करून विचारलं : सूर्याचं पृष्ठभागाचं तापमान काढा. आकडा पाठ असून भागत नाही. पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट सौरऊर्जा पोचते आणि सूर्यबिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश दिसतं, एवढ्यावर स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम लावला की 5800 केल्विनच्या आसपास उत्तर येतं. सूर्य किती लांब आहे, हे माहीत असण्याचीही गरज पडत नाही! हे का, ते स्वतः कागदावर मांडून बघा. असं रोज एक गणित सोडवलंत, तर वर्षभरात तुमची तयारी तुम्हालाच जाणवेल.

दुर्बीण नाही म्हणून अजिबात खट्टू होऊ नका. अवकाशातल्या अ‍ॅस्ट्रोसॅटची आणि खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची जुनी निरीक्षणं अभ्यासासाठी खुली आहेत. लॅपटॉप, पायथन आणि चिकाटी एवढं भांडवल पुरतं. एखाद्याच स्रोताचा प्रकाश काळानुसार कसा बदलतो, याचा आलेख काढा आणि त्यातल्या त्रुटींचा अंदाज मांडा. दहा कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांपेक्षा मला असं एक काम मोलाचं वाटतं. आयुका आणि एनसीआरए या दोन्ही संस्थांच्या उन्हाळी प्रकल्पांसाठीही जरूर अर्ज करा.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. माझा अर्ज घेतील का? (कोल्हापूर)

बऱ्याच संस्था इंजिनिअरिंगची पदवी चालवून घेतात. त्या वर्षीची जाहिरात मात्र नीट वाचा. क्वांटम आणि सांख्यिकीय भौतिकी तुम्हाला स्वतः बसून शिकावी लागेल, त्याला पर्याय नाही. पण जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना चालवणाऱ्या किंवा हिंगोलीत लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारणाऱ्या क्षेत्रात तुमचं शिक्षण वाया जाणार नाही.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत अर्ज करतोय. कर्ज काढावं लागेल का? (पालक, नाशिक)

पीएच.डी.साठी बहुधा नाही. तिथली चांगली विद्यापीठं फी माफ करून विद्यावेतन देतात. त्याबदल्यात मुलाला शिकवावं किंवा संशोधनात हातभार लावावा लागतो. नुसत्या एम.एस.चा खर्च मात्र सहसा स्वतःच करावा लागतो. जीआरईची अट अनेक खगोलशास्त्र विभागांनी काढून टाकली आहे, तेव्हा क्लासला पैसे भरण्याआधी प्रत्येक विभागाचा नियम बघा. अर्जाची फीसुद्धा विनंती केल्यास काही ठिकाणी माफ होते.

बहुतेक मुदती डिसेंबरात असतात. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना ऑक्टोबरातच भेटायला सांगा. सोबत प्रकल्पाचा अहवाल आणि मुदतींची यादी द्यावी. ज्यांनी त्याचं काम जवळून पाहिलंय, त्यांचंच पत्र घ्यावं. नुसत्या मोठ्या नावाच्या दोन ओळींनी काही साधत नाही.