पाठीवरील फवारणी पंप : जोडणी, वापर आणि दक्षता

गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा होय. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. परंतु येथील धानशेती आणि मामा तलाव त्याहून कितीतरी जुने आहेत. रोवणी आटोपली, बांध्या हिरव्या झाल्या, की खोडकिडा, गादमाशी, करपा आणि पुढे तुडतुडे यांची चिंता सुरू होते. मग घराच्या पडवीत वर्षभर टांगून ठेवलेला फवारणी पंप खाली उतरतो. तो कोणत्या अवस्थेत आहे, याची विचारपूस मात्र क्वचितच केली जाते.

ही उपेक्षा किती महाग पडू शकते, हे विदर्भाने अनुभवले आहे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वर्षी कापूस डोक्याइतका वाढला होता, त्यामुळे फवारा अंगावर व श्वासात येत होता. अनेक ठिकाणी दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते. धानाचे पीक कापसाएवढे उंच होत नाही हे खरे. पण पंप तोच, औषधांचे प्रकारही बरेचसे तेच आणि तो पाठीवर घेणारा मजूरही तसाच. म्हणून पंपाची योग्य जोडणी आणि वापर यांचा पाठ प्रत्येक गावाने गिरवणे अगत्याचे आहे.

पंपाची रचना व जोडणी

हाताने चालणाऱ्या पंपात टाकी, झाकण, गाळणी, दट्ट्या व हवेची कोठी, दांडा, रबरी नळी, खटका, पितळी किंवा प्लॅस्टिकची लांब नळी आणि तिच्या टोकाशी तोटी असे भाग असतात. टाकीत सामान्यतः सोळा लिटर द्रावण मावते. म्हणजे भरलेल्या पंपाचे ओझे सोळा किलोहून अधिक होते. यासाठी पट्टे रुंद व मजबूत असावेत. दोरीने बांधलेला पट्टा चिखलात तुटला, तर सर्व औषध पाठीवर सांडते.

जोडणी करताना पुढील क्रम पाळावा. प्रथम दट्ट्यावरील वायसर तपासावा. तो सुकला वा चिरला असल्यास बदलावा. नंतर टाकीच्या तोंडाशी गाळणी बसवावी. गाळणी फाटली म्हणून काढून टाकण्याची सवय वाईट आहे, कारण तीच पुढे तोटी तुंबण्यास कारण ठरते. रबरी नळीची दोन्ही टोके पट्टीने आवळावीत. सुतळी किंवा सायकलच्या ट्यूबची चिंधी गुंडाळून भागवू नये. शेवटी तोटीचे भाग उत्पादकाच्या पुस्तिकेतील चित्राप्रमाणे, त्याच क्रमाने बसवावेत. त्यांत बारीक जाळी, द्रावणाला गिरकी देणारी चकती, छिद्राची चकती व टोपण असते. एखादी चकती उलटी बसली किंवा राहून गेली, तर फवारा न होता धार लागते. कीडनाशकासाठी पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारी तोटी योग्य असते, तर तणनाशकासाठी चपटा फवारा देणारी. तणनाशकाचा पंप शक्यतो वेगळाच ठेवावा.

जोडणी पूर्ण झाल्यावर औषध न घालता टाकीत स्वच्छ पाणी भरावे आणि दांडा मारून पाहावे. कोणत्याही सांध्यातून थेंब गळता कामा नये. खटका सोडताच फवारा थांबला पाहिजे. साध्या पाण्याने गळणारा पंप औषधाने गळणारच. दुरुस्ती झाल्याशिवाय असा पंप कोणाच्याही पाठीवर देऊ नये.

विजेरीवर चालणाऱ्या पंपालाही हेच नियम लागू आहेत. त्यात दाब सतत राहतो, म्हणून नळीचे सांधे अधिक काळजीपूर्वक पाहावेत आणि ओल्या हाताने विजेरी भारित करू नये.

मात्रेचे गणित

किती पाणी लागते, हे अंदाजाने नव्हे तर मोजून ठरवावे. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागा आखावी आणि नेहमीच्या चालीने साधे पाणी फवारावे. या जागेस पाच लिटर पाणी लागले, तर हेक्टरी पाचशे लिटर लागेल. कारण ही जागा हेक्टराचा शंभरावा भाग आहे. समजा, वेष्टनावर हेक्टरी एक लिटर औषध सांगितले आहे. मग एका लिटर पाण्यात दोन मिलिलिटर आणि सोळा लिटरच्या पंपात बत्तीस मिलिलिटर औषध पडले पाहिजे. एका एकरास दोनशे लिटर, म्हणजे साडेबारा पंप पाणी व चारशे मिलिलिटर औषध लागेल. हे माप मापकानेच घ्यावे. बाटलीचे झाकण हे माप नव्हे. शाळेतील गणिताच्या तासाला असे उदाहरण घातल्यास ते विद्यार्थ्यांमार्फत घरोघर पोहोचेल.

औषधाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार लाल रंग सर्वांत जहाल विष दर्शवितो. त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा येतो. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असा अर्थ कोणीही घेऊ नये. शिफारस नसताना दोन औषधे एकत्र करू नयेत. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली आहे काय, हे कृषी सहायकाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून समजून घ्यावे. अनावश्यक फवारणी टळली, तर धोकाही टळतो. धानावर काही औषधांच्या अवाजवी वापराने मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात, हे ध्यानी ठेवावे.

फवारणीच्या वेळी

उपाशीपोटी, आजारी असताना किंवा अंगावर जखम असताना फवारणी करू नये. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना या कामापासून पूर्णतः दूर ठेवावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ, टोपी, चष्मा, तोंडावर मुखवटा, रबरी हातमोजे व बूट ही साधने मालकाने मजुरास द्यावीत. नुसता गमछा तोंडाला बांधणे पुरेसे नाही. तो भिजला की विष तोंडाशीच धरून ठेवतो.

टाकी आधी अर्धी पाण्याने भरावी, वेगळ्या बादलीत काठीने ढवळलेले औषध तीत ओतावे आणि मग उरलेले पाणी घालावे. फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, वारा मंद असताना करावी. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असेल, तर पूर्वेच्या बांधापासून आरंभ करावा, दक्षिणोत्तर चालावे आणि प्रत्येक फेरीला एकेक पट्टा पश्चिमेकडे सरकावे. असे केल्याने मजूर नेहमी न फवारलेल्या बाजूस राहतो आणि फवारा त्याच्यापासून दूर जातो. तुडतुडे धानाच्या बुंध्याशी असतात. म्हणून तोटी खाली, बुंध्याकडे धरावी.

तोटी तुंबल्यास तोंडाने फुंकू नये. आधी दाब सोडावा, मग मऊ ब्रशाने किंवा पाण्याने ती साफ करावी. तारेने छिद्र मोठे होते आणि मात्रा बिघडते. काम चालू असता विडी, तंबाखू, पाणी किंवा जेवण घेऊ नये.

काम संपल्यावर

पंप तलावात, बोडीत किंवा विहिरीजवळ धुऊ नये. हे पाणी गावाचे आहे. त्यावर मच्छीमार सहकारी संस्थांची उपजीविका चालते आणि महाराष्ट्रात मुख्यतः याच परिसरात उरलेला सारस पक्षी त्याच बांध्यांत व तलावांत चारा शोधतो. पंप तीनदा धुवावा आणि ते पाणी फवारलेल्या शेतातच टाकावे. रिकाम्या बाटल्या घरात वापरू नयेत. त्या फोडून वस्तीपासून व पाण्यापासून दूर पुराव्यात. फवारलेल्या बांधावरचे गवत जनावरांना घालू नये. वेष्टनावर दिलेला प्रतीक्षाकाळ संपण्यापूर्वी धान कापू नये. त्याचे तणसही गुरांपुढे जाते.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, अतिघाम, तोंडाला लाळ, अंधुक दृष्टी किंवा श्वासास त्रास ही विषबाधेची लक्षणे होत. अशा व्यक्तीस तत्काळ शेताबाहेर आणावे, कपडे काढावेत, साबणपाण्याने अंग धुवावे आणि डोळ्यांत औषध गेले असल्यास पंधरा मिनिटे पाण्याने धुवावेत. दूध किंवा तूप पाजू नये, ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली सोबत न्यावी. वेष्टनावरील नावावरूनच डॉक्टरांना योग्य उतारा ठरविता येतो.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

पंप ज्याच्या मालकीचा असतो, त्याच्या पाठीवर तो बहुधा नसतो. तो रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराच्या पाठीवर असतो आणि गळता पंप नाकारण्याइतके बळ त्याच्याजवळ नसते. येथेच ग्रामपंचायतीने पुढे यावे. रोवणीनंतरच्या ग्रामसभेत पंप तपासणीचा एक दिवस ठरवावा. कृषी सहायक व आरोग्य सेवक यांना बोलवावे. गावातील सर्व पंप साध्या पाण्याने चालवून पाहावेत आणि गळणारे बाजूला काढावेत. या कामास निधी थोडा, पण आग्रह मोठा लागतो. एका वायसराची किंमत आणि एका कुटुंबाच्या कर्त्या माणसाचा जीव यांची तुलना ज्या गावाने एकदा मनाशी केली, त्या गावाला हा आग्रह जड जाणार नाही.