प्रत्येक संदेशाची नोंद हवीच का?

प्रश्न : काफ्कातून येणाऱ्या ऑर्डर हाताळताना मी प्रत्येक संदेशानंतर ऑफसेट कमिट करतो. काम फार मंदावलंय. पण नोंद करायची राहिली तर ऑर्डर हरवेल ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही हरवणार. ऑफसेट ही प्रत्येक संदेशाची पावती नव्हे. पार्टिशनमध्ये पुढचं वाचन कुठून सुरू करायचं, एवढीच ती खूण. काम उरकल्यावर कमिट करत असाल, तर प्रोग्राम मध्येच बंद पडला तरी फार तर काही संदेश पुन्हा येतील. तेव्हा शंभरेक संदेशांमागे एकदा कमिट करा आणि डेटाबेसमध्ये ऑर्डर क्रमांक युनिक ठेवा, म्हणजे दुबार नोंद टळेल. खरा धोका वेगळाच: काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवून ऑटो-कमिट (मूळ सेटिंग 5 सेकंद) चालू ठेवलं, तर ऑर्डर खरंच गळू शकते. आणि काम कुठवर आलं हे पाहायला प्रत्येक संदेशाची नोंद किंवा वेगळा तक्ता कशाला? कन्झ्युमर लॅग, म्हणजे किती संदेश अजून मागे आहेत तो आकडा, पाहा. तो सतत वाढत राहिला, तरच काळजी करा.