बॅग तुझी, खांदाही तुझाच

अगं, तिकीट आलं तेव्हा केवढी खूश होतीस, आणि आता पलंगावर कपड्यांचा ढीग मांडून रडवेली होऊन बसलीस? पुण्याहून नागपूर, मावसबहिणीचं लग्न, पहिल्यांदाच एकटीचा प्रवास आणि हातात कुबडी. धास्ती वाटणारच. पण घर, ऑफिस आणि फिजिओथेरपी एकाच दिवशी उरकणारी मुलगी तू, तुला हे जमणार. तो ढीग राहू दे तसाच. बस इथे.

आधी वजनाचं बोलू. स्लीपरच्या तिकिटावर रेल्वे ४० किलो सामान फुकट नेऊ देते. देशातल्या विमानात साधारण १५ किलो खाली आणि ७ किलो हातात. खरं सांगू का, हे आकडे आपल्या कामाचे नाहीत. आपला आकडा घरीच काढायचा. बॅग भर, पाठीला लाव, कुबडी घे आणि जिन्याच्या चार पायऱ्या चढून उतर. आईला शेजारी उभं कर आणि कठडा सोडू नकोस. आणि हे सकाळी ताजीतवानी असताना करायचं नाही हं. संध्याकाळी दमून घरी आलीस, पाय ठणकतोय, तेव्हा कर. त्या वेळी जेवढं घेऊन तोल जात नाही, तेवढंच तुझं सामान. बाकीचं ढिगातच राहील.

आता बॅग कुठली घ्यायची? मॉलमधली ती चकचकीत चार चाकांची बॅग तुला आवडलीये, माहितीये मला. गुळगुळीत फरशीवर ती छान चालते. कुबडी एका हाताला, बॅग दुसऱ्या बाजूला, नुसतं ढकललं की झालं. मागे ओढायच्या दोन चाकांच्या बॅगेसारखा खांद्याला पीळ बसत नाही. पण प्लॅटफॉर्मवरच्या उंचसखल फरशीत तिची बारकी चाकं अडकतात आणि रॅम्पवर हात सुटला तर ती तुझ्याआधी खाली पोचते. तोल गेला की हात आपोआप तिच्यावर टेकतो, आणि ती नेमकी तेव्हाच सरकते. म्हणून रेल्वेसाठी माझं मत पाठीवरच्या सॅकला. छातीवर आणि कमरेवर पट्टा असलेली घे, म्हणजे ती पाठीला घट्ट बसते, हिंदकळत नाही. जड वस्तू तळाशी नको, पाठीलगत मधोमध ठेव, नाहीतर पायरी चढताना ती तुला मागे खेचते. चेनला नाडीचा फास बांध, एका बोटानं उघडता येते. आणि दुकानात बॅग रिकामी उचलून बघ बाई. काही बॅगा रिकाम्याच तीन किलोच्या असतात.

बघ, खरी युक्ती पुढेच आहे. सामानाचे दोन भाग कर. एक छोटी आडवी पर्स, जी अंगावरून उतरायचीच नाही, झोपतानाही नाही. तिच्यात औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, फोन, थोडे सुटे पैसे, पॅड आणि कुबडीच्या टोकाचं एक जादा रबर. ते रबर विसरू नकोस गं. झिजलेलं रबर ओल्या फरशीवर सटकतं आणि नवं शोधायला अनोळखी गावात कुठे फिरशील? उरलेलं सगळं सॅकमध्ये. सॅक कुणाच्याही हाती देता आली पाहिजे आणि हरवली तरी दोन दिवस निभले पाहिजेत. एकदा अशी वाटणी झाली की मदत मागायची भीती जाते. हमालाला बोलाव, पैसे आधी ठरव, बिल्ल्याचा नंबर बघून ठेव आणि सॅक त्याच्या डोक्यावर जाऊ दे. शेजारच्या काकांनी बर्थखाली सरकवून दिली तरी ‘नको, नको’ करत बसू नकोस. तुझी ताकद डब्याच्या पायऱ्यांसाठी राखून ठेव.

त्या पायऱ्या उभ्या असतात, दार अरुंद असतं. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून आधी सॅक आत जाऊ दे, मग तू. उतरायच्या स्टेशनाआधी पंधरा मिनिटं आवरून दाराजवळच्या सीटपाशी सरक, पण गाडी हलत असताना दारात उभी राहू नकोस. दिव्यांगांचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो, तेव्हा तिकीट त्या डब्याचं असेल तर प्लॅटफॉर्मवरची चाल लांब, हे धरूनच सामान ठरव.

कपडे? लग्नाचा शालू नेऊ नकोस. मावशीच्या कपाटात साड्यांना काय तोटा आहे? तिला फोन कर, एक काढून ठेवायला सांग आणि निऱ्या शिवून घ्यायला लाव, म्हणजे कुबडीखाली पदर-निरी यायची धास्ती नाही. तीन कुर्ते, दोन सलवारी, सगळे एकाच रंगात जुळणारे. लांब ओढणी नकोच. टॉवेलऐवजी पंचा घे, हलका असतो आणि रात्रीत वाळतो. पायात असतील तेच बूट, दुसरा जोड नाही.

आणि परतीचं ओझं! यावर मात्र मी हट्ट धरणार. जाताना हलकी गेलेली मुलगी येताना संत्रा बर्फीचे पुडे, कुरडया, सांडगे, लोणच्याची बरणी असं लादून घेऊन येते, कारण मावशीला नाही म्हणवत नाही. तिची माया खरी आहे, पण पाय तुझा आहे. आधीच सांगून ठेव, ‘मावशी, जे द्यायचं ते स्पीड पोस्टानं पाठव, मी घरी पोचले की वाट बघते.’ कोरडं सगळं पार्सलनं छान येतं. लोणचं तिथेच पोटभर खा.

परत येताना विमान आहे ना? मग मदत हवी असल्याचं निदान ४८ तास आधी कळवायचं. व्हीलचेअरच्या मदतीचे तीन प्रकार विचारतील. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. लाजून सोपा प्रकार सांगू नकोस, नाहीतर शिडीसमोर उभी राहशील. कुबडी, व्हीलचेअर यांचं वजन सामानात धरत नाहीत. पॉवर बँक कायम हातातल्या पर्समध्ये, खाली द्यायच्या बॅगेत कधीच नाही.

तुझी ती इलेक्ट्रिक व्हीलचेअरवाली मैत्रीण पुढे कधी बरोबर येणार असेल तर तिला सांग, सुटी होणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंतची चालते, पण विमान कंपनीला आधी कळवून. व्होल्टला अँपिअर-अवरनं गुणलं की आकडा मिळतो, २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे २४०. खुर्ची जमा करताना फोटो काढायचे आणि बसायची गादी, पायटेकणं अशा सुट्या होणाऱ्या वस्तू आपल्याबरोबर आत न्यायच्या. खुर्चीच्या पाठीमागच्या दांड्यांना जड पिशव्या अडकवू नकोस म्हणावं, चढावर खुर्ची मागे कलंडते.

चल, आता आधी मावशीला फोन लाव आणि साडीचं नि पार्सलचं ठरवून टाक. मग विमान कंपनीला. बॅग त्यानंतर भर.