वनस्पतिसंग्रहाची निगा

राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव आपण इतिहासाच्या पाठात सांगतो. सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस भरले. त्याच सुमारास ह्यूम यांच्यावर एक निराळाच आघात झाला होता. भारतातील पक्ष्यांविषयी वर्षानुवर्षे लिहिलेली त्यांची हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून नाहीशी होऊन बाजारात रद्दी म्हणून विकली गेली. पुढे त्यांनी पक्षिशास्त्र सोडले आणि आपला प्रचंड पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

उतारवयात ते वनस्पतींकडे वळले. सर्वसामान्य कामकरी माणसालाही वनस्पतिशास्त्र शिकता यावे, या हेतूने १९१० साली त्यांनी लंडनमध्ये 'साउथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूट' ही संस्था काढली. १९१२ साली ते निवर्तले. संस्था मात्र आजही चालू आहे. तिच्या कपाटांत दाबून वाळविलेल्या हजारो वनस्पती आहेत आणि त्यांची निगा राखण्यात स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे.

अशा संग्रहातील काम दिसावयास साधे असते. सुटलेली फांदी कागदाच्या पट्टीने पुन्हा चिकटवावयाची, गळलेले बी लहानशा पाकिटात घालून त्याच पत्रकावर ठेवावयाचे, जुन्या अक्षरातील चिठ्ठी वाचून तिची नक्कल उतरावयाची आणि कीड लागली आहे की काय, हे पाहावयाचे. पूर्वी किडीपासून रक्षण व्हावे म्हणून अनेक ठिकाणी वनस्पतींना पाऱ्याचे विष लावीत. म्हणून जुनी पत्रके हाताळताना हातमोजे घालतात. आता विषाऐवजी गठ्ठे काही दिवस अतिथंड पेटीत ठेवून कीड मारली जाते.

या कामात चिठ्ठीचे महत्त्व वनस्पतीइतकेच आहे. गाजरगवताचे उदाहरण घ्या. ही परदेशी वनस्पती भारतात नव्याने आढळल्याची नोंद १९५६ साली पुण्याकडून प्रसिद्ध झाली. आज ती प्रत्येक बांधावर दिसते. एखादी वनस्पती कोणत्या गावी केव्हा आली अथवा केव्हा नाहीशी झाली, हे स्थळ व तारीख लिहिलेले पत्रकच सांगू शकते. चिठ्ठी हरवली की उरतो तो केवळ पालापाचोळा.

आता आपल्या शाळेचा विचार करू. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, तेरडा, आघाडा, माका या वनस्पती मुलांच्या वाटेवरच असतात. फुलासहित एक फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वर वजन ठेवावे. पहिले काही दिवस कागद रोज बदलावा. ओला कागद राहिल्यास बुरशी येते. पूर्ण वाळल्यावर ती जाड कागदावर चिकटवून गावातील नाव, स्थळ, तारीख व गोळा करणाऱ्या मुलाचे नाव लिहावे. एखादे झाड एकटेच असेल, तर ते उपटू नये. गाजरगवताने अंगाला खाज सुटते आणि धोतरा विषारी आहे. म्हणून या दोहोंना मुलांनी हात लावू नये.

असे संग्रह अनेक शाळांतून उत्साहाने सुरू होतात. पुढे शिक्षकाची बदली होते, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कळत नाही आणि दोन पावसाळ्यांत सारे वाळवीच्या स्वाधीन होते. म्हणून संग्रह एका शिक्षकाचा राहू देऊ नये. प्रत्येक वर्गातील दोन मुलांकडे तो सोपवावा. त्यांनी महिन्यातून एकदा पत्रके उघडून पाहावीत, पाहिल्याची तारीख वहीत लिहावी आणि वर्षाखेरीस खालच्या वर्गातील मुलांच्या हाती वही द्यावी. गावातील एखादा जाणता वैदू किंवा शेतकरी नावे सांगावयास आनंदाने येईल, त्यालाही बोलवावे.

जपणारी माणसे नसल्यास जन्मभराचे कष्टही रद्दीत जातात. ती असली म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे पानही शिकविते. येत्या पावसाळ्यात प्रत्येक शाळेने निदान दहा पत्रकांनी आरंभ करावा.